देहूरोड स्थानक आणि त्याच्या नावातील रस्ता

(चिखली येथे शिक्षक, ग्रामसेवक आणि परिसरातील पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावच्या लहान रेल्वे स्थानकाविषयी चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, चिखलीला रेल्वे स्थानक नाही. ते कधीच नव्हते. मग या गावात उभे राहून मी कोणत्या स्थानकाविषयी बोलावे? परंतु थोडा विचार केल्यावर ध्यानात आले की, आमचे स्थानक नव्हते असे म्हणणेही खरे नव्हे. माझ्या लहानपणी घरात कोणी ‘टेशनावर जाऊन येतो’ म्हणाले, की कोणते टेशन हे विचारावे लागत नसे. ते देहूरोड असे, क्वचित आकुर्डी असे. दोन्ही येथून दोन-अडीच कोसांवर. पहाटेच्या गाडीला जायचे तर भाकरी रात्रीच बांधून ठेवावी लागे. जे स्थानक गावाच्या शिवेत नाही पण गावाच्या आयुष्यात आहे, त्याच्याविषयी मी आज बोलणार आहे.

आपण त्याच्या नावापासूनच सुरुवात करू. देहू हे गाव वेगळे आणि देहूरोड हे स्थानक वेगळे. दोहोंत पाच-सहा किलोमीटरचे अंतर आहे. महाराष्ट्रात अशी नावे आणखीही आढळतात. नाशिक रोड आहे, वसई रोड आहे, अक्कलकोट रोड आहे. आजचे कुर्डुवाडी जंक्शन एके काळी बार्शी रोड म्हणून ओळखले जाई. लोहमार्ग ज्या गावापर्यंत पोचला नाही, पण ज्या गावाच्या लोकांना तो उपयोगी पडावा अशी अपेक्षा होती, त्या गावाचे नाव घेऊन रेल्वेने पुढे ‘रोड’ हा शब्द जोडला. त्याचा सरळ अर्थ असा की, येथे उतरा, पुढे रस्ता आहे. रेल्वेने आपल्या बाजूने एवढे सांगितले आणि ती मोकळी झाली. तो रस्ता खरोखर आहे की नाही, पावसाळ्यात तो टिकतो की नाही, रात्री त्यावर दिवा आहे की नाही, हे पाहणे रेल्वेकडे नव्हते. ते कोणाकडे होते आणि आहे, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

थोडा इतिहास सांगतो. मुंबई ते ठाणे ही आपल्या देशातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे शाळेतील मुलेही जाणतात. मात्र आपल्या दारावरून गाडी जाऊ लागली त्याला फार वर्षे लागली नाहीत, हे थोड्यांना ठाऊक असते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा ते पुणे हा भाग १४ जून १८५८ रोजी खुला झाला. त्या वेळी बोरघाट अजून फोडला जात होता. म्हणजे घाटाखाली एक गाडी, घाटावर दुसरी, आणि मधला घाट प्रवाशांनी पालखीतून, तट्टावरून किंवा पायी चढायचा! घाटातील काम १८६३ मध्ये पुरे झाले आणि मुंबईहून पुण्यापर्यंत सलग गाडी आली. या घाटात दर सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. १८६१ मध्ये तेथे चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते आणि पटकीने व अपघातांनी त्यांतील हजारो दगावले. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचे नाव इतिहासात नोंदले गेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मध्येच वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ते काम अंगावर घेऊन तडीस नेले, हीही गोष्ट शिक्षकांनी मुलींच्या वर्गात अवश्य सांगावी. मजुरांची नावे मात्र कोठे लिहून ठेवलेली नाहीत.

घाट चढून आलेला हा मार्ग तळेगावाच्या पुढे कसा गेला, हे नकाशावर पाहण्यासारखे आहे. उत्तरेस इंद्रायणी, दक्षिणेस पवना, आणि दोघींच्या मधल्या उंचवट्यावरून लोहमार्ग पुण्याकडे उतरतो. मोठे पूल टाळायचे तर अभियंत्याच्या दृष्टीने हा मार्ग अगदी योग्य. पण आपली जुनी गावे पाण्याच्या काठी वसलेली. देहू, तळवडे, चिखली, मोशी, डुडुळगाव, आळंदी ही सारी इंद्रायणीच्या काठची माळ. ती सगळीच्या सगळी रुळांपासून दूर राहिली. नदीपलीकडच्या निघोजे-कुरुळीकरांना तर आधी नदी ओलांडावी लागे आणि मग कोस मोजावे लागत. चाकण ही मोठी बाजारपेठ, कांद्या-बटाट्यासाठी नावाजलेली, पण तिलाही रेल्वे लाभली नाही. आमच्या भागाचे पुढील सव्वाशे-दीडशे वर्षांचे पुष्कळसे नशीब त्या आखणीने ठरवले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

गावाला स्थानकाने पहिली कोणती गोष्ट दिली असेल? माझ्या मते, घड्याळातील वेळ. त्याआधी गावात प्रहर होते, सूर्य हातभर वर आल्याची खूण होती. गाडीला मात्र मिनिटे लागतात. त्यातही गंमत अशी की, रेल्वेची वेळ मद्रासची होती, आणि ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या अर्धा तास पुढे असे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई शहराने आपली वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. शेतकऱ्याने या भानगडीत न पडता एक सोपा मार्ग काढला. तो गाडीच्या दोन तास आधीच स्थानकावर जाऊन बसू लागला. आजही आपले वडीलधारे लोक तसेच करतात आणि मुले त्यांना हसतात. त्या सवयीच्या मागे असा जुना अनुभव आहे.

माझ्या आठवणीतील लहान स्थानक म्हणजे एक दगडी इमारत, पुढे फलाट, कडेला लिंबाची झाडे, पाण्याचा माठ आणि टांगलेला रुळाचा तुकडा. गाडी मागच्या स्थानकावरून सुटली, की त्या तुकड्यावर टोले पडत. त्यामागे केवढी शिस्त होती, हे मला मोठेपणी कळले. स्टेशनमास्तरने शेजारच्या स्थानकाला तारयंत्रावर विचारायचे, मार्ग मोकळा असल्याचे उत्तर आल्याखेरीज सिग्नल पाडायचा नाही, प्रत्येक गाडीची वेळ नोंदवहीत लिहायची. पॉइंट्समनने सांधे बदलायचे, गँगमनने उन्हातान्हात रूळ तपासत मैलोगणती चालायचे, गेटमनने फाटक सांभाळायचे. पाच-दहा माणसांच्या या लहानशा कुटुंबावर शेकडो प्रवाशांचे प्राण अवलंबून असत आणि प्रवाशांना त्याची वार्ताही नसे.

तिकीट म्हणजे जाड पुठ्ठ्याचा लहान तुकडा. तो एका यंत्रात दाबला की खट्‌कन आवाज होऊन तारीख उमटे. खिडकीपाशीच तार करता येई, पार्सल देता येई. टपालाच्या थैल्या गाडीतून उतरत. भाजीच्या पाट्या, दुधाच्या बरण्या, लग्नाची भांडी, मुंबईला गिरणीत असलेल्या मुलासाठी पाठवलेले गूळ-तांदळाचे गाठोडे, हे सारे या फलाटावरून गेले आहे. मुंबईच्या चाळी आणि आमची घरे यांना जोडणारा दोरा हाच होता.

कल्याण ते पुणे हा मार्ग १९२९ मध्ये विजेवर चालू लागला आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन सुरू झाली. ती आमच्या स्थानकावर थांबत नसे. आजही थांबत नाही. ती गेली की फलाट थरथरे, एवढाच तिचा आमचा संबंध! विजेची गाडी डोळ्यांसमोरून धावत असताना आमच्या घरात मात्र अभ्यासाला कंदीलच होता. रुळांवरची वीज आणि घरातली वीज यांच्यात कित्येक वर्षांचे अंतर पडले. स्थानकावरची सोय आपोआप गावात शिरत नाही, हे मी तेव्हा पाहिले.

देहूरोडचे महत्त्व केवळ आमच्यापुरते नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे लष्कराची मोठी कोठारे उभी राहिली आणि त्यांच्याभोवती छावणीची वस्ती वाढली. निरनिराळ्या प्रांतांचे लोक तेथे येऊन स्थायिक झाले. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्ते देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. नागपूरच्या धर्मांतर सोहळ्याच्या सुमारे पावणेदोन वर्षे आधीची ही घटना आहे. तो दिवस साजरा करण्यासाठी दरवर्षी लोक येतात. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबांच्या बीजेसाठी याच फलाटावर वारकरी उतरतात, आणि ज्येष्ठात देहूहून निघालेल्या पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात पडतो. आमच्या गावाला जुनी माणसे टाळगाव चिखली म्हणतात आणि त्या नावाचा संबंध तुकोबांच्या टाळाशी जोडतात. तेव्हा या स्थानकाने भक्त, सैनिक आणि अनुयायी या तिघांनाही एकाच खिडकीतून तिकीट दिले आहे. तेथे कोणाला वेगळी रांग नव्हती.

पुढे कारखाने आले. पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि पाहता पाहता भोसरीपासून आकुर्डीपर्यंतच्या माळरानावर भोंगे वाजू लागले. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० मध्ये झाली, १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. मावळातील खेड्यांतून कामावर येणाऱ्या तरुणाला घर न सोडता नोकरी करता आली, ती लहान स्थानकांमुळे. बेगडेवाडी, घोरावाडी, कान्हे अशी नावे मोठ्या प्रवाशाला ठाऊकही नसतात. परंतु ज्या घरातील माणूस पाळीवर जाऊन रात्री आपल्याच उंबऱ्याशी परत येतो, त्या घराला त्या थांब्याचे मोल विचारावे.

११ मार्च १९७८ रोजी पुणे ते लोणावळा उपनगरी गाडी सुरू झाली. चौसष्ट किलोमीटरच्या मार्गावर सतरा स्थानके, आणि लोकल त्या प्रत्येक लहान स्थानकाची दखल घेत जाणारी! येथे मी एक घरची गोष्ट सांगतो. एरवी व्याख्यानात घरच्या गोष्टी सांगू नयेत, हे मला कळते.

माझी धाकटी बहीण त्या वर्षी शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाली. गावातून पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुली त्या काळी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. लोकल सुरू झाली म्हणून वडिलांनी होकार दिला. जूनमध्ये तिचा मासिक पास काढला. आईने जुन्या लुगड्याच्या काठाची एक लहान पिशवी शिवून त्यात तो ठेवायला दिला. सकाळी मी तिला सायकलवर स्थानकापर्यंत सोडी. संध्याकाळी ती दुसऱ्या गावच्या दोन मुलींबरोबर निम्मी वाट चालत येई आणि पुढे वडील सामोरे जात. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की वळसा घ्यावा लागे. चिखलीचे नाव कशावरून पडले याविषयी जाणकारांनी काहीही सांगावे, श्रावणात त्या रस्त्याने चालणाऱ्याला ते सांगावे लागत नसे. तरी चार महिने निभावले. दिवाळी जवळ आली आणि दिवस लहान झाला. गाडी वेळेवर येई, पण ती येई तेव्हा अंधार पडलेला असे. पुढे अडीच कोस वाट, ना दिवा, ना वाहन. एके दिवशी वडिलांना ताप होता आणि मी कामावर अडकलो होतो. ती एकटी आली. तिला काही झाले नाही. वाटेत कोणी भेटले, काही बोलले, एवढेच तिने आईला सांगितले. दिवाळीनंतर पास पुन्हा काढला गेला नाही.

मित्रहो, यात रेल्वेचा काय दोष होता? एकशे वीस वर्षांनी का होईना, तिने मुलीला शिकायला नेणारी गाडी दिली होती. ती गाडी रोज फलाटावर थांबत होती. कमी पडला तो नावातील ‘रोड’. त्या वेळी आमची ग्रामपंचायत होती, आणि आम्ही तिच्यापुढे कधी हा प्रश्न नेलासुद्धा नाही. स्थानक दूर आहे, त्याला इलाज काय, असे म्हणून सारे गप्प बसलो. त्या गप्प बसणाऱ्यांत मीही होतो.

१९९७ मध्ये चिखली महानगरपालिकेत समाविष्ट झाली. कुदळवाडी, जाधववाडी, म्हेत्रेवाडी या आमच्या वाड्या आता नगराचे भाग झाल्या आहेत. जेथे ज्वारी डोलत होती तेथे उंच इमारती आहेत. रस्ते रुंद झाले. पीएमपीच्या बसगाड्या धावतात. आमच्या काळची अडीच कोसांची पायपीट आता कोणी करीत नाही. पण आजूबाजूच्या मावळ आणि खेड तालुक्यांतील जी मंडळी येथे बसली आहेत, त्यांच्या गावांची स्थिती काय आहे? तेथे स्थानक आहे, पण शेवटच्या लोकलला जोडणारी बस नाही. रिक्षावाला तिघांचे भाडे एकट्याकडे मागतो. मधला पट्टा पंचायतीचा की छावणीचा की महानगरपालिकेचा, हे न ठरल्यामुळे दिव्याचा खांब उभा राहत नाही.

लहान स्थानकाच्या जुन्या सेवांपैकी पुष्कळशा गेल्या. रेल्वेने किरकोळ मालाऐवजी सबंध गाडीभर मालावर भर दिला, तेव्हा गावोगावच्या मालधक्क्यांवरील वर्दळ आटली. भाजी आणि दूध ट्रक-टेम्पोने जाऊ लागले, आणि ते शेतकऱ्याच्या सोयीचेही ठरले. तार खात्याची तार २०१३ मध्ये बंद झाली. पुठ्ठ्याचे तिकीट जाऊन संगणकाचे आले, नंतर ते भ्रमणध्वनीवर आले. या सगळ्याबद्दल हळहळत बसावे असे मला वाटत नाही. उरली ती एक सेवा, गाडीचा थांबा. आणि तीच मूळ सेवा होय. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा या एका सेवेवर किती चुली अवलंबून आहेत, हे मावळातल्या घराघरांना समजले.

सध्या या मार्गावर दिवसाला चाळीसच्या आसपास लोकल फेऱ्या होतात. त्याच दोन रुळांवरून मुंबई आणि दक्षिणेकडील लांब पल्ल्याच्या गाड्या व मालगाड्याही जातात. म्हणून फेऱ्या वाढवायच्या तर जागा नाही, आणि दुपारी देखभालीसाठी दोन लोकलमध्ये मोठे अंतर पडते. सकाळची शाळा किंवा महाविद्यालय सुटलेल्या मुलांना ते अंतर फार जाचते. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेची मागणी अनेक वर्षांची आहे. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तिला मान्यता दिली. देहूरोड व आकुर्डी ही स्थानके अमृत भारत स्थानक योजनेत घेतली गेली आहेत. इमारती नव्या होतील, छत येईल, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नव्या छताखाली उतरलेली मुलगी पुढे घरी कशी जाणार, हे त्या आराखड्याच्या कागदावर नसते. तो कागद आपण करावयाचा आहे.

आपण काय करू शकतो, ते सांगतो. थांबा ठेवणे, वाढवणे किंवा काढून घेणे हे प्रवाशांच्या संख्येवर आणि तिकिटांच्या उत्पन्नावर पाहिले जाते. ज्या स्थानकावरून लोक विनातिकीट जातात, ते स्थानक हिशेबात ओस दिसते. तेव्हा तिकीट काढून प्रवास करा, हे ग्रामसभेत सांगण्यास संकोच करू नका. रेल्वेच्या सल्लागार समित्या असतात, त्यांतील सदस्यांपर्यंत आपले म्हणणे लेखी गेले पाहिजे. आणि ‘गैरसोय होते’ एवढे लिहून भागत नाही. आकडे लागतात.

आकडे कोण देणार? शिक्षक देऊ शकतात. आठवी ते बारावीच्या वर्गांत एक दिवस एवढेच विचारा: कोण लोकलने येते, कोणत्या स्थानकावर चढते, किती वाजता उतरते आणि तेथून घरी कसे जाते. मुलींची नोंद वेगळी ठेवा. जे गेल्या वर्षी येत होते आणि यंदा येत नाहीत, त्यांचीही यादी करा, आणि कारण त्यांच्या घरी जाऊन विचारा, कारण ते वर्गात कोणी सांगणार नाही. ग्रामसेवकांनी स्थानकापासून गावापर्यंतचा रस्ता संध्याकाळी सातनंतर एकदा पायी चालून पाहावा. मोटारीतून नव्हे. दिवा कोठे नाही, कुत्री कोठे अंगावर येतात, ओढा कोठे आडवा येतो, हे लिहून काढावे. हे दोन कागद जोडून बसच्या वेळांसाठी पीएमपीकडे किंवा एस.टी.च्या आगाराकडे अर्ज करा. लोकलचे वेळापत्रक बदलले की बसचेही बदलावे, एवढीच त्यात मागणी असू द्या. मोठी मागणी केली की ती मोठ्या कपाटात जाते.

माझ्या बहिणीने पुढे संसार चांगला केला. तिच्या मुली शिकल्या, एक शिक्षिका आहे. त्या दिवसांविषयी ती कधी तक्रार करीत नाही. लुगड्याच्या काठाची ती पिशवी मात्र तिच्या पेटीत आहे, आणि तिच्यात ऑक्टोबर १९७८ चा पास आहे. मागल्या महिन्यात मी तो पाहिला. अक्षरे पुसट झाली आहेत, पण ‘देहूरोड’ वाचता येते.

पाहणीसाठी लागणारे कोरे तक्ते मी बरोबर आणले आहेत. ज्यांना हवेत त्यांनी जाताना घेऊन जावेत.